म्यानमारचा पाऊस कुठे मिळतो? आणि शेजारी देश जुन्या नोंदी एकमेकांना का देत नाहीत?

तूरडाळ_लातूर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

लातूरला आमची डाळमिल आहे, वडिलांपासूनची. देशातली तूर पुरत नाही हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्यानमारमधून तूर आणि उडीद येतो, तूर मोझांबिक, टांझानिया, मलावीतूनही येते. २०२१ साली सरकारने म्यानमारशी करारच केला, वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेण्याचा. म्हणजे मांडले, मगवेच्या पट्ट्यात पाऊस कसा झाला यावर आमची पुढची खरेदी ठरते. आणि तो पाऊस मला कळतो कसा? यांगोनच्या दलालाच्या फोनवरून. भाव चढवायचा असेल तर त्याच्याकडे दुष्काळ, माल काढायचा असेल तर बंपर पीक.

भाचा कॉम्प्युटरवाला आहे. त्याला म्हटलं, तिकडच्या चार-पाच गावांचा गेल्या तीस-चाळीस वर्षांचा रोजचा पाऊस काढ, आवकेशी मेळ घालून बघू. आज मांडलेला किती तापमान आहे ते त्याला मिनिटात सापडलं. पण १९८५ च्या जुलैत तिथे रोज किती पाऊस पडला, ते काही धड मिळेना. कुठे मधलीच वर्षं गायब, कुठे 'लेखी अर्ज करा'.

आता प्रश्न. पावसाळ्याआधी दक्षिण आशियातल्या नऊ देशांचे हवामानवाले एकत्र बसतात आणि सगळ्यांचा मिळून एक नकाशा काढतात. अफगाणिस्तानपासून म्यानमारपर्यंत सगळे त्यात असतात. पहिली बैठक २०१० मध्ये आपल्या पुण्यातच झाली होती. नकाशा मिळून काढता, मग जुन्या वह्या एकमेकांना दाखवायला काय होतं? जाणकारांनी सांगावं.

सह्यवारा
भेंडवळला जा. घटमांडणीत म्यानमारच्या तुरीचेही चार दाणे ठेवा म्हणावं :)

काळी_माती
@सह्यवारा, हसू नका. भेंडवळला पाऊस, पीक आणि शेजारी राष्ट्रांचा उपद्रव असं सगळं एकाच बैठकीत सांगतात. खरी प्रादेशिक हवामान सेवा तीच.

पर्जन्यमापक
हवामान खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तूरडाळ, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र धरल्यात. एक आहे आजचं निरीक्षण आणि दुसरी आहे साठवलेली नोंद.

आधी पहिली. सकाळी साडेआठला आपला निरीक्षक पर्जन्यमापकाचं नरसाळं काढतो, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओततो, वाकून डोळा पाण्याच्या पातळीला आणतो आणि आकडा वहीत लिहितो. त्या क्षणी लाहोरच्या घड्याळात आठ वाजलेले असतात, काठमांडूत पावणेनऊ, ढाक्यात नऊ आणि यांगोनमध्ये साडेनऊ. तिथलाही माणूस तेच करत असतो, कारण ग्रीनिचचे पहाटेचे तीन ही सगळ्यांनी ठरवून घेतलेली वेळ आहे. मग तो आकडा पाच-पाच अंकांच्या गटांत बसवून जागतिक दूरसंचार जाळ्यावर जातो. दिल्ली हे त्या जाळ्यातलं एक प्रादेशिक केंद्र. प्रत्येक ठाण्याला पाच अंकी क्रमांक असतो. कुलाबा ४३०५७, सांताक्रूझ ४३००३, पुणे ४३०६३. कोलंबोही त्याच ४३ च्या पेटीत, ४३४६६. कराची ४१७८०. तुमचं मांडले ४८०४२, टिपून ठेवा, उपयोगी पडेल.

ही देवाणघेवाण भारत-पाकिस्तान क्रिकेट बंद असतानाही चालू असते. त्यात कोणाचा मोठेपणा नाही. आजचा आकडा उद्या शिळा होतो आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा आजच हवा असतो. हिवाळ्यातले पश्चिमी विक्षोभ आधी पाकिस्तानात येतात, मग आपल्याकडे. देणारा संध्याकाळच्या आत वसूल होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पन्नास-शंभर वर्षांची मालिका. ती दिली तर देणाऱ्याला त्या संध्याकाळी काही मिळत नाही. शिवाय एकदा दिली की दिली, परत घेता येत नाही. ती तयार करायला माणसं बसवावी लागतात, ती वेगळीच. म्हणून तिथे हात आखडतो. आणि तुमचं गणित नेमकं तिच्यावर उभं आहे. 'सरासरीपेक्षा कमी' म्हणायला सरासरी माहीत लागते.

तूरडाळ_लातूर
वा काका. हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग नियम काही नाही का? युनोची कुठलीशी संघटना आहे ना?

पर्जन्यमापक
आहे की. जागतिक हवामान संघटना. १९९५ चा ठराव क्रमांक ४० हा या विषयातला जुना ठराव. ठरावीक माहिती मोफत आणि विनाअट द्यायची, बाकीच्यावर देशाला अटी घालता येतात, असा मध्यम मार्ग. १९९९ मध्ये पाण्याच्या आकड्यांसाठी वेगळा ठराव झाला, २०१५ मध्ये हवामान सेवांना लागणाऱ्या माहितीसाठी आणखी एक. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्याला मिळून एकच धोरण आणलं. त्यात दोन वर्ग: गाभ्याची माहिती 'दिलीच पाहिजे', उरलेली 'द्यावी'. सगळी मजा त्या 'द्यावी'त आहे :)

ठाम_मत
द्यायचीच कशाला? आपला डेटा ही आपली संपत्ती आहे. २०१७ ला डोकलामच्या सीमावादाच्या वेळी चीनने ब्रह्मपुत्रेच्या पाण्याचे आकडे थांबवले होते. ऐन पुराच्या हंगामात. करार होता, पैसे ठरलेले होते, तरी थांबवले. असल्या शेजाऱ्यांशी सहकार्याच्या गप्पा मारायच्या?

उजवा_किनारा
@ठाम_मत, २०१७ चं बरोबर आहे. त्या करारात नुगेशा, यांगत्सुन आणि नुशिया अशी तिबेटातली तीन ठाणी होती, १५ मे ते १५ ऑक्टोबर आकडे यायचे. २०१८ ला पुन्हा सुरू झाले. सतलजसाठी वेगळा करार २००५ चा, परीछू नदीवर दरड कोसळून तळं साचलं त्यानंतरचा.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघा. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यातल्या नद्यांच्या प्रवाहाचे आकडे आपल्याकडेही गोपनीय वर्गात आहेत. कृष्णा-गोदावरीचे आकडे विद्यार्थ्याला मिळतात. पाटण्याच्या पोराला गंगेवर प्रबंध लिहायचा तर अर्ज, हमीपत्र, सही, शिक्का. परक्या देशाचं सोडा, आपण आपल्याच पोरांना देत नाही.

ठाम_मत
सीमेपलीकडे जाणाऱ्या नद्या आहेत त्या. वाटाघाटीत समोरच्याला आपले पत्ते दाखवून बसायचं का? बांगलादेशाशी गंगेचा १९९६ चा करार तीस वर्षांचा आहे, डिसेंबर २०२६ ला मुदत संपते. त्या टेबलावर प्रत्येक आकड्याला किंमत आहे.

उजवा_किनारा
ते मान्य. फक्त मग चीनला नावं ठेवताना आवाज थोडा खाली. आणि पाऊस म्हणजे नदीचा प्रवाह नव्हे. मांडलेला १९८५ ला किती मिलिमीटर पडला यात कुठला हुकमाचा एक्का आहे?

कृष्णाकाठ
अहो देश-देश काय घेऊन बसलात. आम्ही सांगलीकर. २००५ पाहिलं, २०१९ पाहिलं. आयर्विन पुलाची पातळी मिनिटामिनिटाला व्हॉट्सअॅपवर, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडलं यावर मात्र जितकी तोंडं तितके आकडे. पुढे वडनेरे समितीने सांगितलं की पुराचं खापर अलमट्टीवर फोडता येत नाही, अतिवृष्टी आणि पूररेषेतली बांधकामं बघा. आमच्या गल्लीत आजही कुणाला ते पटत नाही. आकडे वेळेवर समोर नव्हते ना, मग माणूस आपल्या मनातलंच खरं धरतो. आता दोन्हीकडचे अभियंते पावसाळ्यात संपर्कात असतात, फरक पडलाय. एका देशातली दोन राज्यं, तिथे ही तऱ्हा.

उजवा_किनारा
@कृष्णाकाठ, अगदी हाच प्रकार ऑगस्ट २०२४ मध्ये त्रिपुरा-बांगलादेशात झाला. फेनीला पूर आला आणि तिकडे बोभाटा, भारताने डंबुर धरण मुद्दाम उघडलं. आपल्या परराष्ट्र खात्याने खुलासा केला की धरण सीमेपासून १२० किलोमीटरवर आहे. अमरपूरच्या ठाण्यावरून २१ तारखेला दुपारी तीनपर्यंत पाणी चढत असल्याचे आकडे पाठवले होते, सहाच्या सुमाराला पुरामुळेच वीज गेली आणि संपर्क तुटला. व्यवस्था होती, करार होता. बॅटरी नव्हती म्हणा हवं तर. त्या फटीत अफवा शिरली ती शिरलीच.

काळी_माती
आमच्या महसूल मंडळातल्या पावसाच्या यंत्राबद्दल कुणी बोलणार का? यंत्र आहे बाभळीच्या सावलीत. गावात ढगफुटीसारखा पडला, यंत्रात भुरभुर. विमा कंपनी म्हणते आकडा दाखवा. आकडा कोणाकडे? कंपनीकडे. म्यानमारचा पाऊस नंतर बघू राव, आधी औंढ्याचा मिळू द्या.

पर्जन्यमापक
@काळी_माती, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि विषयाला धरूनही आहे. डेटा 'देणे' ही पुढची पायरी. आधी तो बरा असावा लागतो. झाडापासून, भिंतीपासून किती लांब ठेवायचं याचे नियम आहेत, पण जागा ठरवणारा आणि यंत्र बसवणारा यांची गाठ क्वचित पडते. एका तालुक्याला (नाव घेत नाही) मी वही तपासायला गेलो होतो. सगळा श्रावण दर रविवारी शून्य आणि दर सोमवारी दुप्पट पाऊस! शिपायाची सुट्टी रविवारी. महिन्याची बेरीज मात्र चोख.

अशी वही शेजारच्या देशाला द्यायची म्हटल्यावर अधिकारी का बिचकतो, ते कळलं का? बऱ्याचदा कारण राष्ट्रीय सुरक्षा नसतं, अब्रू असतं.

सह्यवारा
"सोमवारी दुप्पट पाऊस" =)) श्रावणी सोमवारचं पुण्य!

मेन_नदीकाठ
ऑफेनबाखजवळ राहतो, म्हणून एक गंमत सांगतो. इथे जर्मन हवामान खात्याच्या आवारात जगभरच्या पावसाचं एक केंद्र आहे, १९८९ पासून. शंभरावर देशांनी आपल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी त्यांना दिल्यात, दक्षिण आशियातल्यासुद्धा. पण अट अशी की मूळ आकडे पुढे कोणाला द्यायचे नाहीत. त्यांनी फक्त चौकटी-चौकटींचा सरासरी नकाशा प्रसिद्ध करायचा. तो नकाशा फुकट, कोणीही उतरवून घ्या.

म्हणजे शेजारणीला वाटीभर साखर द्यायची नाही, पण सात समुद्रापलीकडच्या हलवायाला पोतं द्यायचं, आणि मग दोघींनी त्याच्या दुकानातून पेढे आणायचे. जपानचा आशियाई पावसाचा प्रकल्पही साधारण याच धर्तीवर चालला.

शेजारीण
काठमांडूत एका संस्थेत काही वर्षं होते, नदी आणि हवामान याच विषयात. ऑफेनबाखवाल्या दादांनी सांगितलं ते खरं, पण 'पेढे' हसण्यावारी नेऊ नका. त्यात शहाणपणा आहे.

लहान देशांची भीती तिथे राहिल्यावर कळते. नेपाळच्या खात्यातला माणूस मला म्हणाला होता, "आम्ही आमच्या डोंगरातल्या नोंदी देऊ, उद्या मोठा शेजारी त्यावर आपला शिक्का मारून आमच्याच सरकारला आमचा अंदाज सांगेल. मग आमच्या खात्याला पैसे कोण देणार?" भूतान, मालदीव यांचंही तेच. तिथली खाती लहान, माणसं मोजकी. जुन्या नोंदी हाच त्यांचा जमीनजुमला.

आता मूळ प्रश्नाकडे. नकाशा मिळून कसा निघतो? त्या बैठकीला जोडून प्रशिक्षण असतं. प्रत्येक देशाची तरुण मंडळी आपापल्या देशाचा पाऊस आपल्या लॅपटॉपवर घेऊन येतात. समुद्राचं तापमान, जगातल्या मोठ्या केंद्रांच्या संगणकी प्रारूपांचे (मॉडेल्सचे) अंदाज, हे सगळ्यांना सारखं आणि फुकट मिळतं. प्रत्येकजण त्याचा धागा आपल्या पावसाशी जोडतो आणि उत्तर तेवढं टेबलावर ठेवतो: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, जास्त, प्रत्येकाची शक्यता किती टक्के. मग सीमेवर वाद सुरू. इकडच्या तराईत 'जास्त' आणि तिकडच्या बिहारात 'कमी' असं कसं चालेल? ढगाला पासपोर्ट थोडाच लागतो. चहावर चहा होतात आणि रंग जुळतात. मूळ वही लॅपटॉपमधून बाहेर येतच नाही. तूरडाळ भाऊ, तुमच्या 'काय होतं?'चं उत्तर हे आहे. नकाशा निघतो तोच मुळी वही न दाखवता काम होतं म्हणून. वही दाखवायची अट घातली असती तर २०१० ला पहिल्या दिवशीच निम्मे लोक उठून गेले असते.

माझं मत म्हणाल तर, आधी हे मोफत मागणं बंद करावं. मागणाऱ्याने काही द्यावं. जुन्या वह्या स्कॅन करून द्या, संगणकात भरायला माणसं द्या, रडारचं चित्र द्या, त्यांच्या पोरांना पुण्यात सहा महिने शिकवा. दक्षिण आशियाच्या अचानक येणाऱ्या पुरांसाठी २०२० मध्ये भारताने जी व्यवस्था सुरू केली, त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका आनंदाने आले, कारण त्यांना दर सहा तासांनी हातात काहीतरी मिळतं.

ठाम_मत
हे पटलं. फुकट नको, सौदा हवा.

उजवा_किनारा
ठाम_मत यांना काहीतरी पटलं! वाचनखूण साठवतोय.

मस्कतची_मावशी
मी उशिरा आले. २०२१ ची गंमत (तेव्हा गंमत नव्हती) लिहिते. सप्टेंबरच्या शेवटी 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं, बहिणीकडे नांदेडला धो धो, मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, तिचा फोन आला की घरात पाणी येतंय की काय. ते उरलंसुरलं कमी दाबाचं क्षेत्र महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा फुगलं, त्याचं नाव 'शाहीन' झालं आणि ३ ऑक्टोबरला आमच्या ओमानच्या बातिना किनाऱ्यावर येऊन आदळलं. म्हणजे जे ढग बहिणीने पाहिले तेच आठवड्याभरात मी पाहिले!

इथल्या टीव्हीवर दिल्लीच्या केंद्राच्या पत्रकांचा हवाला यायचा. तेव्हा कळलं की उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांची जबाबदारी दिल्लीकडे आहे आणि ओमान, येमेनपर्यंत तीच पत्रकं जातात.

पर्जन्यमापक
बरोबर, मावशी. १९७० चं भोला वादळ, तीन ते पाच लाख माणसं गेली असं मानतात. त्यानंतर १९७२ मध्ये वादळांसाठी देशांचं मंडळ बनलं. आता त्यात तेरा देश आहेत. २०२० ची नावांची यादी तेरा गुणिले तेरा, १६९ नावांची. 'गुलाब' पाकिस्तानचं, 'शाहीन' कतारचं. अलिबागला आलेलं 'निसर्ग' बांगलादेशचं, 'तौते' म्यानमारचं.

कोकण_पोफळी
निसर्गने श्रीवर्धन, दिवेआगरच्या बागा झोपवल्या, त्याचं नाव ठेवणाऱ्याने कधी पोफळीची बाग पाहिली होती का असं तेव्हा वाटलेलं. असो. चार दिवस आधीपासून कळत होतं, माणसं वाचली. झाडांना कोण हलवणार.

घाशीराम_हवामानवाला
अवांतर: पुणेकरांनो, शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक रोज ओलांडता, पण त्याला सिमला ऑफिस का म्हणतात ते माहीत आहे का? हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याला होतं, ते १९२८ ला पुण्यात आलं. १९४४ ला दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं.

आणि हे अवांतर वाटलं तरी नाही. १९०४ ते १९२४ खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर होते. मूळचे गणितज्ञ. भारतातला दुष्काळ आधी ओळखायचा तर फक्त भारताचे आकडे पुरणार नाहीत हे त्यांनी ओळखलं आणि जगभरच्या ठाण्यांचा हवेचा दाब, पाऊस, तापमान, नाईलचा पूर गोळा करून कारकुनांकडून हाताने सहसंबंध काढून घेतले. त्यातून प्रशांत महासागराच्या दोन टोकांचा झोपाळा सापडला, दक्षिणी आंदोलन. आज एल निन्योच्या बातमीत डार्विन आणि ताहितीच्या दाबाचा फरक येतो ना, ते हे. ऑस्ट्रेलियाने डार्विनचे आकडे दडवले असते तर आपल्या मान्सूनचा अंदाज आणखी किती वर्षं चाचपडत राहिला असता!

ठाम_मत
तेव्हा अर्धं जग एकाच साम्राज्यात होतं हो. डार्विनही इंग्रजांचं, सिमलाही इंग्रजांचं. हुकूम सोडला की आकडे आले.

घाशीराम_हवामानवाला
मुद्दा चांगला आहे, पण पूर्ण नाही. वॉकरनी दक्षिण अमेरिकेचेही आकडे वापरले, तिथे इंग्रजांचा हुकूम चालत नव्हता. आणि देशोदेशींच्या हवामान खात्यांची पहिली संघटना १८७३ ची, व्हिएन्नाची. तेव्हा त्यातली कित्येक राज्यं नुकतीच एकमेकांशी लढून बसली होती.

पर्जन्यमापक
यावरून आठवलं. तूरडाळ, तुम्हाला उपयोगी आहे. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. त्यामुळे त्याआधीचा मांडले, रंगूनचा पाऊस आपल्याच खात्याच्या छापील खंडांत आहे. कराची, लाहोर, ढाक्याचा १९४७ पर्यंतचा तसाच. म्हणजे शेजाऱ्यांच्या जुन्या वह्यांचा एक तुकडा आपल्याकडे आहे. सौद्याची भाषा करायची तर हे आपल्या बाजूचं घसघशीत नाणं. ते खंड नीट संगणकात भरून आधी त्यांच्या हाती द्यावेत, मग पुढचं मागावं. कागद पिवळा पडलाय, कडा हाताला भुगा होऊन येतात, फार दिवस नाहीत.

डेटाची_पोर
तूरडाळ काका, भाच्याला दाखवा. माझं रोजचं काम हेच आहे.

मांडलेचा पर्जन्यमापक मिळाला नाही तरी चालू शकतं. उपग्रहावरून काढलेला पाऊस आहे: 'चर्प्स', कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाचा, १९८१ पासूनचा, साधारण साडेपाच किलोमीटरच्या चौकटीत. नासाचा 'आयमर्ग' अर्ध्या-अर्ध्या तासाचा. युरोपीय केंद्राचा 'ईआरए५' १९४० पासून, पण त्यातला पाऊस प्रारूपाने काढलेला. तिन्ही फुकट. पर्जन्यमापक काकांनी दिलेला ४८०४२ क्रमांक घेऊन अमेरिकन संग्रहात शोधलंत तर ठाण्याचे आकडेही निघतील, तुटक असले तरी.

पण एक धोक्याची सूचना. चर्प्ससाठी उपग्रह ढगाचं तापमान बघतो, पाऊस नाही. तो जमिनीवरच्या पर्जन्यमापकांशी ताडून दुरुस्त करतात. ज्या देशाने ठाण्यांचे आकडे दिले नाहीत तिथे दुरुस्तीला आधारच नाही, त्यामुळे नकाशा गुळगुळीत आणि छान रंगीत दिसतो पण आतून पोकळ. चर्प्सवाले कोणत्या महिन्यात कुठली किती ठाणी वापरली ते जाहीर करतात, ते आधी उघडा. म्हणजे डेटा न देण्याचा तोटा शेवटी त्याच देशाच्या शेतकऱ्याला, कारण दुष्काळाचे इशारे, मदतीचे पैसे याच नकाशांवर ठरतात.

म्यानमारवर विश्वास टाकण्याआधी लातूरवर चाचणी घ्या. तुमच्याकडे मिलच्या वहीत पाऊस असेलच.

तूरडाळ_लातूर
ताई, वही आहे! वडील रोज लिहायचे, आम्हीही लिहितो. भाच्याला बसवतो.

काळी_माती
तुमच्या मिलच्या वहीचा डेटा तुम्ही शेजारच्या मिलवाल्याला द्याल का? :)

तूरडाळ_लातूर
पाऊस देईन. आवक नाही :)

संपादक_मंडळ
गंगा करारावर चाललेली वैयक्तिक चिखलफेक उडवली आहे. त्यासाठी राजकारण विभाग आहे.

नवा_गडी
मी मागचं सगळं वाचलं नाही, पण सरळ म्यानमार सरकारला मेल का करत नाही?

सह्यवारा
मागचं वाचा.

शेजारीण
@नवा_गडी, वाईट सल्ला नाही, पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या खात्याकडून व्यापाऱ्याला उत्तर येईल ही आशा कमी. मगवे, सगाईंग हे तुरीचे पट्टे आणि तिथेच लढाई पेटलेली. निरीक्षक रोज साडेनऊला पर्जन्यमापकापर्यंत पोचत असेल का, हा प्रश्न डेटाच्या आधी येतो. संघर्ष जिथे असतो तिथे नोंदीला पडलेली भोकं नंतर भरता येत नाहीत. म्हणून आता गरीब देशांना ठाणी चालू ठेवायला पैसे देणारा एक निधी काढलाय, नुसती यंत्रं देऊन भागत नाही, वर्षानुवर्षं चालवायचा खर्च द्यावा लागतो हे ओळखून. तिथे तो पैसा कसा पोचवायचा, हे कोडंच आहे.

उजवा_किनारा
भांडण असलं तरी दार पूर्ण लागत नाही याचं उदाहरण: सिंधू करार एप्रिल २०२५ पासून स्थगित आहे. तरी ऑगस्टमध्ये तवी नदीला पूर आला तेव्हा भारताने पाकिस्तानला आधी कळवलं. करारातल्या आयोगामार्फत नाही, उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकीच्या नात्याने म्हणून.

ठाम_मत
इशारा देणं वेगळं, तीस वर्षांच्या वह्या देणं वेगळं. पहिल्याला माझा कधीच विरोध नव्हता.

तूरडाळ_लातूर
मंडळी, हालहवाल. भाच्याने चर्प्सचा लातूरचा पाऊस आणि आमची वही शेजारी-शेजारी ठेवली. महिन्याचा पाऊस बऱ्यापैकी जुळतो. कोरडी वर्षं कोरडीच दिसतात, २०१४ आणि २०१५ स्पष्ट. रोजचा मात्र अजिबात नाही, आमच्याकडे मंगळवारी पडलेला तिकडे बुधवारी, आणि मोठा पाऊस नेहमी कमी करून दाखवलेला. मला तर महिन्याचंच हवं होतं.

मग मांडले, मगवेचं काढलं. तुम्ही म्हणालात तसं, वापरलेली ठाणी अलीकडच्या वर्षांत मोजकीच. त्यामुळे त्यावरून सौदा करणार नाही, पण दलाल 'भीषण दुष्काळ' म्हणाला की विचारायला दोन प्रश्न तयार आहेत. तो मागच्या आठवड्यात जरा गडबडला :)

आता पुढचं. मोझांबिकच्या तुरीचं काय? तिकडे अशी बैठक होते का?

पर्जन्यमापक
होते, आणि ती आपल्या आधीपासून. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांची पहिली हंगामी बैठक १९९७ मध्ये झिंबाब्वेत कादोमाला झाली, ते एल निन्योचं वर्ष. जगातली या प्रकारातली पहिलीच. आपली दक्षिण आशियाची त्याच मुशीतून आलेली. त्यांचा पावसाळा ऑक्टोबर ते मार्च, त्यामुळे पत्रक आपल्या गणपतीच्या आसपास येतं आणि तूर निघते पुढच्या वर्षी जुलैनंतर. तुम्हाला भरपूर वेळ हातात. पत्रकात उत्तर मोझांबिक वेगळं बघा, नांपुला आणि झांबेझियाकडची तूर. २०२४ च्या दुष्काळात झांबिया, झिंबाब्वे, मलावी होरपळले म्हणून सगळा मोझांबिक एकाच रंगात धरू नका.

डेटाची_पोर
मोझांबिकसाठी नवा धागा काढा काका, इथे पानं फार झालीत. आणि भाच्याला सांगा, मिलची वही स्कॅन करून ठेव.

काळी_माती
हो, आणि बाभळीपासून लांब ठेवा.